बाळंतखोलीत बातमी न्यायची नाही

संशोधन संस्थेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणायचे. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे उंदीरमावशी. तिलाही ते ठाऊक होतं, कारण प्राणिघराच्या लांबलचक बोळात एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं. तिला राग नव्हता. "उंदरांवर पोट आहे, नावात उंदीर आले म्हणून काय बिघडलं," ती म्हणायची. "हत्तींवर असतं तर हत्तीण म्हणाले असते. ते बरं दिसलं असतं का?" आणि आपल्या काटकुळ्या अंगाकडे बघून स्वतःच हसायची.

पिंजरे म्हणजे जाळीच्या झाकणाचे पारदर्शक डबे. एकावर एक, भिंतीभर रचलेले. सकाळी आली की डगला चढवायची, तोंडाला फडकं बांधायची, केस टोपीत कोंबायची आणि एकेक डबा खाली घ्यायची. ओला भुसा काढायचा, कोरडा घालायचा, बाटलीतलं पाणी बदलायचं, खाण्याच्या वड्या टाकायच्या. ज्या माद्या गाभण असतील त्यांच्या डब्यात कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या, त्यांना घरटं करायला. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे ते उंदीर तिच्या हाताला एवढे सरावले होते की तिनं ओंजळ पुढे केली की आपणहून चढून बसत. भुशाची पोती वाहणारे भुसेकाका बोळातूनच बघत आणि म्हणत, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात मावशी, आणि आपले साहेब लोक उंदीर पोखरून डोंगर काढतात. कागदांचा."

बोळाच्या शेवटी एक खोली होती. दारावर 'प्रजनन कक्ष, शांतता राखा' अशी पाटी होती. तो शब्द जिभेला जड, म्हणून भुसेकाकांनी त्या खोलीला बाळंतखोली नाव पाडलं आणि तेच रूढ झालं. गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या माद्या तिथं. तिथं जायचं तर रोज त्याच माणसानं, त्याच वेळेला, त्याच रंगाच्या डगल्यात. साबण वासाचा नको. दार हातानं धरून लावायचं. शिट्टी नाही, गाणं नाही. आणि पाटीवर न लिहिलेला आणखी एक नियम होता, मावशीच्या आधी इथं काम केलेल्यांपासून चालत आलेला: बाळंतखोलीत बातमी न्यायची नाही. चांगली नाही, वाईटही नाही. कोण्या एका कामगाराला म्हणे भाऊ गेल्याचं त्या खोलीतच कळलं होतं आणि त्यानं तिथंच हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी डबे उघडले तर माद्यांनी आपली पिल्लं खाल्लेली. तेव्हापासून हसायचं ते बोळात, रडायचं तेही बोळात.

मावशीला हा नियम कोणी समजावून सांगावा लागला नाही. तिच्या अंगात तो आधीच मुरलेला होता.

तिचा नवरा याच संस्थेत तळघरातल्या बॉयलरवर होता. बॉयलर फुटला तेव्हा मावशीला सातवा महिना चालू होता. ती घरी भांडी घासत होती. दारात एक माणूस येऊन उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. "तुमचा माणूस गेला. बॉयलर फुटला. चला." हातातलं पातेलं तिनं घासून पुरं केलं, विसळलं, पालथं घातलं आणि मग निघाली. तिथून पुढे पोर जन्माला येईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. रडलीही नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे.

पोर दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. जगली, पण चमचा पडला तरी अंग आखडायची. शाळेची घंटा झाली की हातातली पाटी सुटायची. गल्लीत कोणी फटाक करून खिडकी लावली तर जेवण तसंच राहायचं. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव 'दचकी' ठेवलं. मावशीनं चार घरी जाऊन भांडणं केली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठी झाल्यावर दचकीला कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज सोसेना. मग ती घरीच बसून तयार कपड्यांना काजं-बटणं करायची. हात मात्र सुरेख.

अशा पोरीला नवरा मिळाला तो पुलांच्या कामावरचा वेल्डर. उंच आणि गडगडाटी हसणारा. मावशीला धास्ती होती, की हा माणूस आणि आपली ही पोर, कसं जमायचं? पण त्या गड्याची एक खोड होती. घरी यायचा तो गल्लीच्या तोंडापासून खोकत, जिन्यावर पाय आपटत, दारावर तीनदा टिचकी मारत. आपण येतोय हे तिला आधी कळावं म्हणून. त्याच्या आवाजाला दचकी कधीच दचकली नाही. तो तिला 'मुकादम' म्हणायचा, कारण एवढीशी असून ती त्याच्या डब्यावर, कपड्यांवर, झोपेवर नजर ठेवायची.

पोरीला दिवस गेले तेव्हा तो लांब एका नदीवरच्या पुलाच्या कामावर होता. मग दचकी आईकडे येऊन राहिली. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "काय मुकादम, काम कुठवर आलं?" तो विचारायचा. ती म्हणायची, "पाया झालाय. खांब उभे राहतायत." आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसायची.

त्याच सुमारास संस्थेत एक तरुण बाई काम करत होत्या. बाईंचं काम गाभण माद्यांवर. काही माद्या निवांत ठेवायच्या. काहींना रोज थोडा वेळ अरुंद नळीत घालून झगझगीत दिव्याखाली ठेवायचं, म्हणजे त्या घाबरतात. मग त्यांची पिल्लं मोठी झाली की ती कशी वागतात ते बघायचं. माद्या नेण्या-आणण्याचं काम मावशीचं.

एकदा बाईंनी तिला एक मोठं खोकं दाखवलं. त्यात दोन तरुण उंदीर सोडले. एक सगळीकडे हुंगत फिरला. दुसरा कोपऱ्यात बसला तो हललाच नाही.

"ह्यातला शांत कुठला, मावशी?"

"हा काय, कोपऱ्यातला. गरीब बिचारा."

बाई हसल्या. "सगळे असंच म्हणतात. तो शांत नाही, गोठलाय. भीतीनं त्याचं हालणंच बंद झालंय. शांत आहे तो हा फिरणारा. कोपऱ्यातल्याची आई नळीतली होती."

मावशीनं विचारलं, "पण आईला घाबरवलं तर पोराला काय? रक्त तर त्याच जातीचं."

बाई अशा प्रश्नाची वाटच बघत होत्या. त्यांना आपलं काम कोणी विचारलं की बोलू किती आणि नको किती असं व्हायचं. "रक्त तेच, बरोबर. जनुकंही तीच. पण सगळी जनुकं सगळा वेळ बोलत नसतात, मावशी. कुठल्या जनुकानं बोलायचं, कुठल्यानं गप्प बसायचं, ते भोवतालचं बघून ठरतं. खायला काय मिळतं, ऊब आहे की नाही, भीती किती. आता बघा, भीती वाटली की अंगात एक रस सुटतो. भीती सरली की तो थांबवायला मेंदूत एक ब्रेक असतो. तो ब्रेक ज्याच्या जोरावर बनतो, त्याच जनुकावर ह्या पिल्लांत लहानसं टोपण बसलेलं दिसतं. जनुक आहे, बिघडलेलं नाही, पण झाकलेलं. मग रस सुटला की सुटतच राहतो."

"आणि माणसांत?"

"माणसांतही तसं काहीतरी दिसतं. पण..."

बाई पुढे बरंच बोलल्या. मावशीनं मान डोलावली, पण 'पण'च्या पुढचं एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर पातेलं होतं. घासलेलं, विसळलेलं, पालथं घातलेलं. एवढी वर्षं तिला वाटत होतं, पोर अशी निपजली ते नशीब. आता कळलं, नशीब नव्हे, आपण. आपणच आपल्या पोटातल्या पोरीवर टोपण बसवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते असं. फरक एवढाच, की लोक तेवढ्यावर मिरवतात आणि मावशी तेवढ्यावर पोळली.

त्या दिवसापासून तिनं घराची बाळंतखोली केली. दाराच्या चौकटीला चिंध्या ठोकल्या, दार आपटू नये म्हणून. पितळी भांडी माळ्यावर गेली, प्लास्टिकची खाली आली. दचकीच्या खोलीला जाड पडदा लागला. गल्लीतली शिंपीण गप्पा मारायला यायची, तिला मावशीनं दारातूनच वाटेला लावलं, कारण शिंपिणीच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि कोणाच्या घरात काय वाईट झालं हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक असे.

"आई, मी काय तुझी उंदरीण आहे का?" दचकी हसत म्हणाली.

"असतीस तर सुखात असतीस. उठू नकोस, मी देते पाणी."

"कागदाच्या पट्ट्याही आण मग. घरटं करते."

"चेष्टा कर. कर तू चेष्टा. पण चिडू नकोस, रडू नकोस, आणि भिऊ तर अजिबात नकोस."

"भिऊ नकोस म्हणालीस की मला भीती वाटते," दचकी म्हणाली आणि पुन्हा सुई ओवायला लागली.

फोन आला तेव्हा मावशी बोळात डबे विसळत होती. जावयाचे थोरले भाऊ बोलत होते. ते कधी फोन करत नसत.

"मावशी, तुम्ही बसलाय का कुठं?"

ती उभीच राहिली. ते सांगत होते ते ती ऐकत होती. परांची बांधली होती, पट्टाही होता, पण कडी निघाली. पुलाच्या खांबावरून खाली. काही यातना झाल्या नसतील असं डॉक्टर म्हणतात. उद्या दुपारी उरकायचं ठरलंय, तोवर तिला घेऊन या, मी गाडी पाठवतो.

"तिला नाही सांगायचं," मावशी म्हणाली.

"काय?"

"तिला सातवा लागलाय. तिला हे कळता कामा नये. पोर होऊ द्या, मग सांगू."

"अहो मावशी, नवरा आहे तिचा. शेवटचं तोंड बघायचं नाही तिनं?"

"ती तोंड बघेल आणि ते पोटातल्याच्या रक्तात उतरेल. मी बघितलंय हे. माझं जळलंय म्हणून मला कळतं. तुमच्या भावाचं जे काही शिल्लक आहे ते तिच्या पोटात आहे. ते तरी धड येऊ द्या."

शेवटी ते म्हणाले, "मला पटत नाही. पण आत्ता भांडायचं त्राण नाही माझ्यात. तुमच्या जबाबदारीवर." आणि फोन ठेवला.

मावशीनं उरलेले डबे विसळले. मग बाळंतखोलीत जाऊन, दार हातानं धरून लावून, सगळ्या माद्यांना पाणी दिलं. एकही मादी बिचकली नाही. आपण हे करू शकतो, असं तिला वाटलं ते तिथं.

घरी गेल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दचकीचा फोन बादलीत पाडायचं. पाडला आणि "अगं बाई, गेला हातातून," म्हणाली. मग सांगितलं, की जावयांना पुढच्या कामावर हलवलंय, डोंगरात. तिथं फोन लागत नाही. दुपारी तेवढा टेकडीवर चढून करता येतो, तेव्हा मी कामावर असते, मला केला होता. दुसऱ्या दिवशी, लांबच्या गावात त्याला निरोप देत होते त्या वेळी, मावशी रजा टाकून घरी बसली आणि दचकीचे केस विंचरत राहिली. त्याच्या सासरचं त्या दिवशी तिथं कोणी नव्हतं.

मग रोज संध्याकाळी ती निरोप आणायची. आज विचारत होते, जेवलीस का. आज म्हणाले, फळं खात जा. जपून राहा म्हणाले. पहिले काही दिवस दचकी उत्सुकतेनं विचारायची, अजून काय म्हणाला, अजून काय? मावशी आणखी चार शब्द जोडायची. पुढं पुढं दचकी नुसती मावशीच्या तोंडाकडे बघत राहायला लागली. मग बघेनाशी झाली. मग विचारीनाशीही.

खिडकीशी बसायची. काजं करायची, नाहीतर तीही नाही. गल्लीत एकदा पत्र्याचं पिंप घरंगळत गेलं, तर ती दचकलीसुद्धा नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदा पोर शांत झालीय, आपलं औषध लागू पडलं, असं तिला वाटलं. डब्यातला प्रत्येक उंदीर नजरेनं वाचणारी बाई ती. पण घरच्या खिडकीत काय बसलंय ते काही तिला वाचता आलं नाही.

तपासणीला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर पट्टी धरली, मग पुन्हा धरली. "बाळ वाढत नाहीये म्हणावं तसं. खाते का ही? झोपते? घरी काही ताण?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "अगदी शांत ठेवलंय."

दचकी छताकडे बघत पडली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी संस्थेतल्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमचं चुकतंय कुठंतरी. मी काही म्हणता काही कळू दिलं नाही पोरीला. आणि पोर वाढत नाही."

"काय कळू दिलं नाही?"

मावशीनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज सरळ होता, डब्यांचा हिशोब द्यावा तसा. बाईंच्या हातातली काचेची नळी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मावशी, तिचा नवरा गेलाय आणि तिला माहीत नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, आईची भीती पोरावर टोपण..."

"मी म्हणाले," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण मी आणखीही म्हणाले होते. उंदीर म्हणजे माणूस नाही म्हणाले होते. माणसांचं एवढं पक्कं आम्हाला माहीत नाही म्हणाले होते. आणि ती टोपणं कायमची नसतात. घाबरलेल्या आईची पिल्लं चाटणाऱ्या, सांभाळणाऱ्या आईकडे दिली तर पुष्कळ सावरतात, हे तुमच्याच हातच्या पिल्लांचं सांगितलं होतं."

मावशी डगल्याची बाही खाली ओढत राहिली.

"आणि नळीतल्या माद्यांचे दोन गट तुम्हीच नेता-आणता ना? एकीला आधी घंटा वाजते आणि मग दिवा. दुसरीला घंटा नाही, कधीही उचलायचं. जास्त कोण बिघडते?"

"बिनघंटेची."

"त्रास दोघींना सारखाच. पण जिला काय, कधी येणार ते कळतच नाही, तिचा तो रस थांबत नाही. तुमच्या मुलीला तुम्ही..." बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमची मुलगी तशी झाली ती तुमच्यामुळे, हे कोणी ठरवलं? दिवस भरायच्या आधी जन्मली, बापाशिवाय वाढली, गल्लीनं चिडवलं. शंभर कारणं असतील. तुम्ही एकटीनं का उचललंत सगळं?"

हे ऐकून दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. मावशीच्या पायाखालची वाळू सरकली. एवढ्या दिवसांचं खोटं ज्या खुंटीवर टांगलं होतं ती खुंटीच भिंतीत नव्हती.

भर दुपारी ती घरी गेली. दचकी खिडकीशी होती. मावशीनं पडदा बाजूला केला, खोलीत ऊन आलं. ती जमिनीवर बसली आणि कसं सुरू करावं ते सुचेना म्हणून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं सांगायचंय."

"मला माहीत आहे," दचकी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तो सोडून गेलाय मला. तू झाकतेस. मी काय खुळी आहे? जपून राहा म्हणे. फळं खा म्हणे. तो असलं बोलतो कधी? एकदा तरी मुकादम म्हणाला का? तुझे निरोप ऐकले आणि कळलं मला, तू ते मनानं जुळवतेस. म्हणजे तो बोलतच नाही तुझ्याशी. म्हणजे दुसरीकडे कुठं तरी आहे. असू दे. मी सांगून ठेवलंय ह्याला," तिनं पोटावर बोट टेकवलं, "तुझा बाप नालायक आहे. रोज सांगते."

"गेलाय तो," मावशी म्हणाली. "सोडून नाही. पुलावरून पडून गेला. मागच्या महिन्यात."

दचकीनं हे ऐकलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं. खरंखुरं. डोळ्यांतसुद्धा. "म्हणजे सोडून नव्हता गेला," ती म्हणाली. ते शब्द तिच्याच कानावर पडले आणि ते हसू तसंच वाकडं होऊन राहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग ती रडायला लागली, आणि गल्ली ओलांडून पलीकडच्या घरांत ऐकू जावं असं रडली. मावशीचा हात सवयीनं खिडकीकडे गेला.

"लाव," दचकी म्हणाली. "लाव खिडकी. माझं तोंडही बांध. मेलेल्या माणसाला मी रोज शिव्या देत होते, आई. रोज उठून. तो तिकडे... त्याला कोणी घातला शेवटचा शर्ट? त्याच्या शर्टाची वरची काजं मी मोठी करते, मान जाड आहे त्याची. कुठला घातला?"

"मला नाही माहीत."

"तू नव्हतीस?"

"मी तुझ्याजवळ होते."

"म्हणजे आपल्याकडचं कोणीच नव्हतं." दचकीनं तिच्याकडे बघितलं. "बाबा गेले तेव्हा तू बघितलंस का त्यांना?"

"बघितलं."

"मग मला का नाही?"

मावशीला खूप सांगायचं होतं. टोपण, ब्रेक, रस, नळी. त्यातलं काहीही तिच्या जिभेवर आलं नाही. "मला वाटलं, तुझं पोर तुझ्यासारखं होऊ नये," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो.

दचकीचं रडणं थांबलं. "माझ्यासारखं," ती म्हणाली. "थोरल्या भावजींना फोन कर. म्हणावं, गाडी पाठवा."

दारात शिंपीण येऊन उभी होती, रडणं ऐकून. "काय गं झालं?" मावशी उठून बाहेर गेली. "जावई गेले," म्हणाली. शिंपिणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अरेरे. कधी?" मावशीनं खरं ते सांगितलं. शिंपिणीनं हात काढून घेतला आणि तिला ओलांडून आत गेली, दचकीजवळ बसली. ज्या बाईला मावशीनं महिनाभर उंबऱ्यात पाय टाकू दिला नव्हता, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोर रडत राहिली. मावशी जिन्यात बसून ऐकत राहिली.

दचकी सासरी गेली. बाळंतपण तिकडेच झालं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, मुलीचं वजन कमी आहे, एवढं थोरल्या भावांनी कळवलं. या म्हणाले नाहीत. मावशी तरीही गेली.

दचकीच्या जाऊबाईंनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. खोलीत भरपूर उजेड होता, कुठंतरी रेडिओ लागला होता, थोरल्यांची पोरं बाहेर भांडत होती. भिंतीवर त्याचा फोटो होता, हसतानाचा. दचकी खाटेवर बसून बाळाला पाजत होती आणि बाळाशी बोलत होती. आई आत आली तरी तिनं बोलणं तोडलं नाही. बाप पुलावर कसा चढायचा ते ती सांगत होती. सांगता सांगता तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. बाळ पीत होतं.

"तब्येत कशी आहे तिची?" मावशीनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल."

"मी घेऊ का जरा? तुझा हात अवघडला असेल."

दचकीनं मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि मावशीला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

"नको," ती म्हणाली. "अजून नको. बसायचं तर बस."

भिंतीशी एक खुर्ची होती. मावशी तिच्यावर बसली, हात मांडीवर ठेवून. बाहेर कोणीतरी दार आपटलं. मग दचकीनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि राहिलेली गोष्ट सांगायला लागली.